भाषणातला बाप

सिद्धोधन गवंडीकाम करायचा. पालमच्या पुढं त्याचं गाव. तिथल्या निम्म्या घरांच्या भिंती त्याच्या हातच्या. आयुष्यात त्यानं दारूला तोंड लावलं नव्हतं. पौर्णिमेला विहारात वंदना तोच म्हणायचा, आणि नशा न करण्याचं शील आलं की त्याचा आवाज जरा चढायचा.

लेक धम्मशीला बारावी झाली तेव्हा गरीब पोरींना शिकवणाऱ्या परभणीच्या एका संस्थेच्या नीलम मॅडम घरी आल्या. सिद्धोधनची बायको मालनबाई हिच्या हातची भाकरी खाल्ली आणि पोरीला परभणीच्या वसतिगृहात घेऊन गेल्या. निवड झालेल्या पोरींच्या नर्सिंगचा खर्च संस्थाच करणार होती.

संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात धम्मशीला बोलणार होती. फोनवर म्हणाली, "बाबा, तुमी येऊ नका. उगं खाडा पडंल."

लेकीला आपल्या खाड्याची काळजी, या विचारानंच तो सुखावला. मालनबाई तापानं पडलेली. इस्त्रीचा शर्ट घालून तो एकटाच एसटीनं परभणीला गेला आणि हॉलमध्ये मागच्या रांगेत बसला. धम्मशीला माइकसमोर आली तेव्हा शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं, ही माझी.

"माझे वडील दारू प्यायचे," धम्मशीला म्हणाली. "आईला रोज मारायचे. मी नववीत असताना त्यांनी माझं लग्न ठरवलं. संस्थेनं मला वाचवलं."

सिद्धोधनला वाटलं, ही दुसऱ्या कुणाचं तरी सांगायलीय. मग तिनं मालनबाईचं नाव घेतलं.

संस्थेला पैसे देणाऱ्या, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "बाळ, वडील आता कुठं असतात?"

धम्मशीलेनं समोर पाहिलं. मागच्या रांगेत तिला बाप दिसला. दोघांची नजर भिडली.

"वारले, सर," ती म्हणाली.

टाळ्यांनी हॉल दणाणला. शेजारची बाई नाक ओढत म्हणाली, "बरं झालं बाई, सुटली लेकरं."

"व्हय," सिद्धोधन म्हणाला.

बाहेर नीलम मॅडमनी त्याला ओळखलं आणि दंडाला धरून जेवणाच्या मंडपामागं नेलं. "काका, तुम्ही का आलात? पाहुण्यांना असंच काहीतरी ऐकायचं असतं. तिच्याच भल्याचं आहे. तुम्ही मागच्या फाटकानं निघा बरं."

"लेकीला भेटून जातो."

धम्मशीला आली ती घाईघाईत, चिडलेली. "सांगितलं होतं ना येऊ नका म्हणून?"

"मी कधी तुझ्या आईवर हात टाकला गं?"

"न्हाई टाकला." तिनं मान वळवली. "बाकीच्या पोरींकडं सांगण्यासारखं लय होतं, बाबा. माझ्याकडंच काई नव्हतं. मॅडम म्हणल्या, पैसे देणारे नर्सिंगसाठी असं कसं निवडतील तुला?"

कुणीतरी हाक मारली तशी ती पळाली. सिद्धोधन मागच्या फाटकानं निघाला.

घरी मालनबाईनं विचारलं, कशी बोलली? तो म्हणाला, "लय चांगलं."

पण संस्थेनं भाषणाचा व्हिडिओ टाकला आणि तो गावात मोबाईल-मोबाईल फिरला. पौर्णिमेला विहारात सगळे त्याच्याकडं बघत होते. म्हाताऱ्या आश्रुबानं सगळ्यांसमोर विचारलं, "सिद्धोधन, तू तर जिता समोर हायेस. बाकीचंबी पोरगी खोटं बोलायलीय का? तसं असंल तर परभणीला जाऊन जाब विचारू. संस्थेलाबी आन् तिलाबी."

सिद्धोधन उठला. जाब विचारला की पोरीला वसतिगृहातून काढतील आणि नर्सिंग तिथंच संपेल, हे त्याला कळत होतं. मालनबाई बायकांत बसली होती; तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही.

"खोटं न्हाई," तो म्हणाला. "प्यायचो मी. चोरून प्यायचो. हिलाबी मारायचो."

"आन् तोंडानं शील म्हणायचास?" आश्रुबानं विचारलं.

आश्रुबानं त्याला मागं बसायला सांगितलं आणि वंदना दुसऱ्यानं सुरू केली.

घरी आल्यावर मालनबाईनं ताट वाढलं नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"पोरीसाठी बोललो," तो म्हणाला.

"पोरीनं तुमाला जितेपणी वारले म्हणून सांगितलं, ते तुमी सोसलं. तुमचं तुमाला," ती म्हणाली. "पण आता बाया मला इचारायल्यात, कुठं कुठं मारायचा म्हणून. काय दाखवू त्यांना?"

तो भिंतीला टेकून बसला. तेवढ्यात फोन वाजला. धम्मशीलेची निवड होऊन तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. आनंदानं ती एवढी मोठ्यानं बोलत होती की मालनबाईला चुलीपाशी सगळं ऐकू येत होतं.