असल्यास, नसल्यास

छापखान्यात तिला सगळे मात्राबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. औषधाच्या डबीत घडी घातलेलं जे पत्रक असतं, आणि जे लोक न वाचताच फेकून देतात, ते छापण्याआधी अक्षर न् अक्षर तपासायचं, हे तिचं काम. बावीस वर्षं तिनं ते जिवाला लावून घेऊन केलं. तीन-तीनदा वाचायची, घरी जायची आणि जेवता जेवता मशीनवाल्याला फोन करायची, "अहो, त्या 'पूर्वी'तला पू दीर्घच आहे ना?"

"दीर्घ आहे हो बाई, माझ्या उसाशासारखा," तो म्हणायचा.

पण पन्नाशी उलटली आणि डोकं दगा द्यायला लागलं. एकदा अख्खं पानच तपासायचं राहिलं. मालक ओरडले असते तर परवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, आणखी एक चूक झाली तर हे काम दुसऱ्याला द्यावं लागेल." तिची झोपच उडाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. स्मरणशक्तीला, लक्ष लागायला आणि काळजी कमी व्हायला, तिन्हीला एकच. डबी उघडून बघते तर काय, आतलं पत्रक तिनंच तपासलेलं!

गोळी लागू पडली, खोटं कशाला बोला. महिन्याभरात विसरलेली नावं आठवायला लागली, गाढ झोप लागायला लागली. पत्रकं तर घडाघडा म्हणून दाखवायची. रोजचे फोन बंद झाले तेव्हा मशीनवाल्यालाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग त्याच गोळीचं पत्रक नव्यानं टाइप होऊन आलं. तासाभराचं काम तिनं दहा मिनिटांत हातावेगळं केलं आणि सही ठोकली. पाठच होतं की सगळं! संध्याकाळी छापलेला एक कागद नेहमीसारखा पर्समध्ये टाकून ती घरी आली. पत्रकांचे गठ्ठे सकाळी औषध कंपनीकडे निघणार होते.

चहा पिता पिता नवऱ्यानं तिची डबी पुढे ओढली. "मीही हल्ली चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. बघू एक घेऊन."

"ठेवा ती! तुमची रक्तदाबाची गोळी चालू आहे. तुम्हाला नाही चालत."

"चालते की." त्यानं तिच्या पर्समधून डोकावणारा नवा कागद ओढून वाचला. "'रक्तदाबाचे औषध चालू नसल्यास घेऊ नये.' माझं तर चालू आहे."

"'असल्यास' आहे ते! मला पाठ आहे."

"तुला पाठ असेल. इथं न छापलाय."

तिनं आधी त्याच्या हातातली गोळी काढून घेतली, मग कागद. चांगला ठसठशीत न होता. तिनं नुसते ओळींवरून डोळे फिरवले होते, वाचलं होतं ते डोक्यातलं. पूर्वीची घाबरट मात्राबाई तीनदा मागे आली असती, आणि कधीतरी तो न तिला दिसलाच असता.

"कोण वाचतंय ते?" नवरा म्हणाला. "गप्प बस. नोकरी जाईल."

"तुम्ही वाचलंत ना?" ती म्हणाली आणि तिनं मालकांना फोन लावला.

सगळं ऐकून मालकांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावली. "गठ्ठे थांबवतो," ते म्हणाले. "पण बाई, उद्यापासून तपासायला मी दुसरं कुणीतरी बघतो."

"बघायलाच हवं," ती म्हणाली. बावीस वर्षांचं काम गेलं होतं आणि तिचा हात साधा थरथरतही नव्हता. त्याचंच तिला रडू आलं.

मालकांचा आवाज मऊ झाला. "घाबरू नका हो बाई."

"घाबरत नाहीये," ती म्हणाली. "तीच तर भानगड झाली."