रुमालाखालची बोटं

घोडेगावचा शुक्रवारचा बाजार ऊन चढायच्या आतच फुगून येतो. म्हशी रेकतात, दोरखंड ताणतात, शेणाचा उबदार वास अंगाला चिकटतो. त्या गर्दीतून ताहेरा वाट काढत चालली होती. कोंबडीची पिल्लं पदरात धरावीत तशी तिनं प्लॅस्टिकची फाईल छातीशी धरली होती.

फायलीत एकच कागद मोलाचा. संगमनेरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला तिचं नाव लागलं होतं आणि आज पाचला तिथली खिडकी बंद होणार होती. अर्ज सगळा भरला होता, पालकाच्या सहीची चौकट तेवढी कोरी. सकाळी भाकरी थापता थापता अम्मीनं नुसती ओवी म्हटली होती:

लेक निघाली माझी, लांबच्या गावा जाई
धुळीला सांगते गं, पाऊल पुसू नाई

पण अम्मीच्या ओवीनं चौकट भरत नव्हती. ती भरणारा माणूस आठ दिवस हूं की चूं करत नव्हता.

दगडूभाई शेख एका मुऱ्हा म्हशीच्या कासेला हात लावून उभा होता. तीस वर्षांचा दलाल. आधी बैलांचे सौदे करायचा. रस्त्यात गोरक्षक गाड्या अडवायला लागले तसं त्यानं बैल सोडले. आता फक्त दुभती म्हैस. धंदा निम्म्यावर आला होता.

"हितं कशाला आलीस?" त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"अब्बा, साडेअकरा झाले. आज शेवटचा दिवस हाय."

"घड्याळ मला बी हाय." मग तो हळू बोलला, पण दात आवळून. "तुझा भाऊ बी.ए. झाला का न्हाई? भरतीला पळून पळून अन्सारचे बूट फाटले. अर्ज दिले, त्यांची साधी पोच न्हाई आली. आता टेम्पो चालवतो. आपल्या आळीतला शब्बीर चौथीत शाळा सोडून टेम्पोच चालवतो. दोघांचा रोज सारखा. मग अन्सारची पंधरा वर्षं कुनी खाल्ली, सांग की!"

खोट्याला तोंड देता येतं. हे तर खरं होतं.

"काय दगडूभाई, लेकीला बी दलाल करतो का काय?"

सोनईचे पुंजारामदादा होते. उसाचे बागायतदार, दर दोन वर्षांनी दगडूभाईकडूनच म्हैस घेणारे. त्यांची पांढरी गाडी सडकेला उभी होती अन् गाडीत ताहेराच्याच वर्गातली सुकन्या बसली होती.

"तिला संगमनेरच्या कॉलेजात जायचंय, दादा."

"मग जाऊ दे की! आमची बी आजच चालली. तेच कॉलेज. बासष्ट टक्के पडले फक्त, पन म्हनलं शिक बाई. न्हाई जमलं तर ऊस हायेच."

ताहेराला सत्त्याऐंशी होते. कुणी विचारलं नाही.

"व्हय दादा," दगडूभाई म्हणाला. "तुमच्या मागं ऊस हाय."

"गाडीत जागा हाय, बसंल तीबी. पन आधी ह्या म्हशीचा सौदा मिटव. लई खोळंबा झाला."

दगडूभाईनं खांद्यावरचा चौकड्याचा रुमाल काढून मनगटावर पसरला. या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. तोंड पावसापाण्याचं बोलतं, अन् रुमालाखाली बोटं भाव सांगतात. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा. रुमालाखाली मिटलं ते मिटलं. तीस वर्षांत दगडूभाईनं एकदाही शब्द फिरवला नव्हता. ताहेरा लहान असताना बाजेवर बसून बापलेक असाच बोरांचा सौदा करत.

पुंजारामदादा बाही सारत होते, तेवढ्यात ताहेरानं रुमालाखाली हात घातला.

दगडूभाई ताठला. तिनं त्याची तीन बोटं धरली. तीन वर्षं.

"आयला! बापलेकीचाच सौदा लागला!" दादा हसले. दोघंतिघं बघे थांबले, तेही हसले. मग हसू विरत गेलं. रुमाल हलत होता.

त्यानं तिचं एक बोट धरलं. एक वर्ष.

तिनं ते झटकलं. पुन्हा तीन.

पुन्हा एकच.

त्याची बोटं चऱ्हाटासारखी कोरडी, एकाचं नख म्हशीच्या खुराखाली चेंगरलेलं. अन् ती बोटं तिचं एक बोट सोडत नव्हती. तिला वाटलं होतं, अब्बा चिडलाय. पण तो भ्याला होता. अन्सारसारखीच ही पण रित्या हातानं परत आली, तर रोज सकाळी तिच्या तोंडाकडं कसं बघायचं, याला भ्याला होता.

तिनं तिसऱ्यांदा तीनच धरली. आता दाबून.

सडकेवरून गाडीचा हॉर्न आला.

मग त्यानं तिची दोन बोटं धरली आणि आवळली. ती आवळ बाजारात सगळ्यांना कळते. हे शेवटचं; यानंतर रुमाल निघतो.

तीन वर्षांची पदवी दोन वर्षांत होत नसते. अर्धी म्हैस कुणी विकत घेत नाही. पण हात काढला असता तर चौकट कोरीच राहिली असती. तिनं त्याची दोन बोटं धरली.

सौदा मिटला.

दगडूभाईला लिहिता येत नव्हतं आणि अंगठ्याला शाईचं पॅड बाजारात कुठून असणार? पायाशी तांबड्या रंगाचा डबा होता. विकलेल्या जनावराच्या पाठीवर खूण करायचा.

"अब्बा, तो नको, शाई—"

तोवर त्याचा अंगठा डब्यात बुडून चौकटीवर टेकला होता. ठसा ओला, लालभडक उमटला. थोड्या वेळात तोच रंग म्हशीच्या पाठीवरही लागणार होता.

"चालंल का हे?" त्यानं विचारलं. आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता.

"चालंल," ती म्हणाली. तिला ठाऊक नव्हतं. "अन् तिसरं साल?"

"दोनच्या बोलीत तीन कसं येईल?" तो रुमालाला अंगठा पुसत राहिला. मग म्हशीकडं बघून म्हणाला, "तवाचं तवा. तवा परत हात घाल."

गाडीत तिनं अर्ज मांडीवर उघडाच ठेवला. सुकन्याच्या अर्जावर निळी, वळणदार सही कधीच वाळून गेली होती.

"अगं बाई, रक्त हाय का काय?"

"न्हाई. सही हाय."

रंग वाळावा म्हणून तिनं काच खाली केली. सडकेची धूळ आत आली. ताहेरानं दोन्ही हातांची ओंजळ त्या ठशावर पालथी धरली, न टेकवता, अन् संगमनेर येईपर्यंत ती तशीच धरून बसली.