मोज्यातली बाटली

आमच्या घरी वाइनची बाटली मोज्यात घालून टेबलावर येते. बाबांचा जुना लोकरीचा मोजा, गुडघ्यापर्यंतचा, स्वच्छ धुतलेला. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पाहुणे नाकं मुरडतात. लेबल मोज्यात झाकायचं, सगळ्यांना ओतायचं आणि वाइन कुठल्या भागातली ते ओळखायचं. चुकेल त्याने ग्लास विसळायचे. दर रविवारी जेवणाआधी हा खेळ रंगायचा आणि दर रविवारी ग्लास आईच विसळायची. ओतलेली वाइन पांढरी असो, गुलाबी असो, आईचं उत्तर ठरलेलं: "डोंगरावरची!" आम्ही पोट धरून हसायचो. आईला चवीचं अंगच नाही, हे आमच्या घरात कधीच ठरून गेलं होतं.

बाबांचं खाली वाइनचं दुकान. आता ते दादा चालवतो. तिथल्या फळ्या प्रदेशांप्रमाणे लावलेल्या आहेत. दारापाशी समुद्रकिनाऱ्यावरच्या, मग थंड दरीतल्या, मग नदीकाठच्या वाळूतल्या, खिडकीखाली काळ्या मातीतल्या, आणि अगदी आत, देवघरात ठेवाव्यात तशा, उंच दगडी उतारावरच्या काळसर लाल. बाबा त्या डोंगराचे भक्त होते आणि दादा त्यांच्याही पुढे एक पाऊल. मी दातांची डॉक्टर आहे. ती वाइन दातांना जांभळा रंग देते आणि जीभ खरखरीत करते, याउपर माझं तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. मला किनाऱ्यावरची पांढरी आवडते, घोटाच्या शेवटी किंचित खारट लागते ती. त्यावरून दादा मला 'खारी' म्हणतो. म्हणू दे बापडा.

बाबा गेल्यावर आईला घर खायला उठायचं, म्हणून ती गुरुवारी दुकानात बसू लागली. तिथे एक दिवस पियानोला सूर लावून देणारे एक गृहस्थ आले. कोणाला तरी भेट द्यायला बाटली हवी होती. त्यांनी आईला विचारलं, "तुम्हाला यातली कुठली आवडते?"

"मला काय विचारता? माझ्या मुलाला विचारा, त्याला सगळं कळतं."

"कळण्याचं नाही हो, आवडण्याचं विचारतोय."

आईला उत्तर देता येईना. हे तिनेच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना एखाद्या कॉलेजातल्या मुलीसारखी लाजली. मग दोघांनी मिळून उत्तर शोधायचं ठरवलं. दाराजवळच्या फळीपासून सुरुवात केली. दर आठवड्याला एक बाटली, पियानोकाकांच्या कारखान्यात, उघड्या पियानोंच्या मधोमध स्टुलांवर बसून. आई पैसे देऊन बाटल्या न्यायची, बिल दादाच करायचा. त्याला वाटायचं, ती मैत्रिणींना भेटी देतेय. एवढा जाणकार माणूस, पण नाकाखालचं दिसलं नाही.

फळ्या संपत आल्या तेव्हा काकांनी आईला लग्नाचं विचारलं. आई म्हणाली, "दोन्ही मुलं हो म्हणाली तरच." मी उडी मारून हो म्हटलं. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"ज्या माणसाला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, तो बाबांच्या खुर्चीवर बसणार?"

"खुर्चीवर कशाला? स्टूल घेऊन येतील," मी म्हटलं. तो हसला नाही. शेवटी एवढ्यावर आला, की रविवारी त्यांना बोलवा, मग बघू. आईने घरातले सगळे ग्लास पुसून चकचकीत केले, आणि पुसलेले परत पुसले. मला तिची फार माया आली. माझ्या आईने आपल्या लग्नासाठी पोराच्या तोंडाकडे बघावं, याचा रागही आला.

रविवारी पियानोकाका आले. उंच, वाकलेले, कोटाच्या खिशात सूर लावायची किल्ली तशीच राहिलेली. दादाने मोजा टेबलावर ठेवला. आत काय असणार ते मला वासावरूनच कळलं. बाबांची डोंगरावरची, तीही त्यांनी जपून ठेवलेल्यातली. म्हणजे परीक्षा होती, आणि परीक्षक आधीच चिडलेला होता.

काकांनी एक घोट घेतला. त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. इकडेतिकडे पाहून त्यांनी पाण्याच्या जगमधून बर्फाचे दोन खडे चमच्याने काढले आणि ग्लासात टाकले. टुणुक, टुणुक.

दादाचे डोळे पांढरे झाले. "बर्फ? यात? अहो, ही काय आहे माहीत आहे का तुम्हाला? माझे बाबा—"

"अहो, मलाही दोन घाला," आई म्हणाली आणि तिने ग्लास काकांपुढे धरला.

त्या 'अहो'वर दादा आणखी दचकला. आईने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"बर्फ घालूनसुद्धा तुरटच. मला ही कधीच आवडली नाही रे."

"बाबांची वाइन? मग आयुष्यभर प्यायलीस कशाला? आणि प्रत्येक वाइनला डोंगरावरची, डोंगरावरची म्हणायचीस ते?"

"तसं म्हटलं की तुझे बाबा सुरू व्हायचे. 'नाही गं, ही डोंगरावरची कशी असेल, डोंगरावर दगड असे, ऊन असं, वारा असा.' जेवण गार होईपर्यंत बोलायचे. मला ते बोलणं आवडायचं. त्यासाठी रोज ग्लास विसळले असते मी." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "बोलणारा गेला, बाटल्या तेवढ्या राहिल्या. तू त्या जपून ठेवल्यास. पण बाळा, बाटली माझ्याशी बोलत नाही."

 

दादाने काकांच्या ग्लासातल्या बर्फाकडे बघत विचारलं, "आणि हे बोलतात?"

"छे! हे ऐकतात. आता मी बोलते."

"काय बोलतेस?"

"तुझ्या खिडकीखालच्या फळीवर काळ्या मातीतली लाल आहे ना, ज्वालामुखीच्या पायथ्याची? ती माझी आवडती. तिच्याबद्दल बोलते."

दादा उठला. जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली. आईने माझा हात घट्ट धरला. तो परतच आला नाही तर, हे तिच्या आणि माझ्या मनात एकदमच आलं असावं. पण तो आला, हातात ती काळ्या मातीतली बाटली घेऊन. सगळ्यांच्या देखत लेबल वर करून त्याने ती उघडली, आधी आईला ओतली, मग काकांना, आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"सांग."

आईने सुरुवात केली. आधी अडखळत, मग सुसाट. राखेत वाढणारे बुटके वेल, वाइनला येणारा भाजल्यासारखा वास, पहिल्यांदा चाखली तेव्हा कारखान्यात कुठला पियानो उघडा होता ते. मध्येच तिने तो ज्वालामुखी भलत्याच समुद्राकाठी नेऊन ठेवला. दादाचे ओठ हलले. मी टेबलाखालून त्याला लाथ मारायच्या तयारीत होते, पण त्याने आपणहून तोंड मिटलं आणि हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहिला. आई इतकं बोलू शकते, हे आम्हा दोघांनाही त्या दिवशी कळलं.

ती घोट घ्यायला थांबली तेव्हा दादा काकांकडे वळला. 

"लग्न कधी करताय?"

काकांनी बोट वर करून त्याला थांबवलं.

"त्यांचं बोलून अजून संपलेलं नाही," ते म्हणाले.