ओटीतला बेडूक

पेशकारांच्या घरचं स्थळ ओसरीवर येऊन बसलं होतं आणि केशरबाईच्या हातातल्या तांब्यात बेडूक पोहत होता.

हा उद्योग बद्रीचा, दुसऱ्या कुणाचा असणार! पाऊस तोंड लपवून बसला होता, म्हणून गावची पोरं उद्या धोंडी काढणार होती. मुसळाला लिंबाच्या डहाळ्यांत बेडूक बांधायचा, दारोदार फिरवायचा आणि बायकांनी त्यावर पाणी ओतायचं. आटलेल्या विहिरीच्या गाळातून धरलेला बेडूक उद्यापर्यंत जगायला हवा, आणि घरात पाणी होतं ते फक्त पिण्याच्या रांजणात. कार्ट्यानं तिथंच सोडला!

बेडकाचं नाव काढलं तरी केशरबाईला मळमळायचं. पण लेकीची, विमलची, आधीची दोन स्थळं मोडली होती, आणि बाहेरून मुलाची आई वत्सलाबाई विचारत होत्या, "पाणी आणता न्हवं?"

केशरबाईनं श्वास रोखला, बेडूक डाव्या मुठीत धरला, मूठ पदराखाली लपवली आणि उजव्या हातानं तांब्या पुढं केला.

"लई गोड हाय पाणी," वत्सलाबाई म्हणाल्या.

शी! मुठीत ते गार, बुळबुळीत ध्यान धडधडत होतं, बोटांच्या फटीतून पाय काढत होतं. मग मेलं मुतलंही. ओघळ कोपरापर्यंत गेला. केशरबाई हसत राहिली.

"पोरगी पसंत हाय आमाला. या इनबाई, तुमची ओटी भरते."

ओटीला पदर दोन्ही हातांनी पसरावा लागतो, आणि नको म्हणावं तर ठरलेलं लग्न हातचं जातं. केशरबाईनं पदराच्या घोळात मूठ उघडली. वर तांदूळ पडले, मग खण, मग नारळ. नारळाखाली काहीतरी पचकन दबलं आणि पदराला ओल आली. तिनं तशीच वाकून नमस्कार केला.

पाहुण्यांची उमापूरची वाट लांबची, म्हणून विमलनं रांजणातून चरवी भरून गाडीत दिली.

गाडी हलताच बद्री धावत आला आणि रांजणात डोकं घालून किंचाळला, "आये, माझे बेडकं कुठं हायत?"

केशरबाईनं तोंड फिरवून पदर झटकला. तांदळात माखलेला, चपटा झालेला बेडूक जमिनीवर पडला.

"अन् दुसरा? दोन सोडलेते म्या!"

केशरबाईनं दाराबाहेर पाहिलं. गाडी बोळातून वळत होती आणि वत्सलाबाई चरवी तोंडाला लावत होत्या.

"गप बस मेल्या, एकच होता," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून भडभडा ओकली.