दुसऱ्या घरची प्रत

दुकानाच्या काउंटरवर जोडून ठेवलेल्या हार्ड डिस्कला तिने वाकून कान लावला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्, टक्.

"हात लावू नका हं, मॅडम," दुकानदार म्हणाला. "आधीच तिचा जीव जातोय."

त्या चपट्या काळ्या डबीत बाबांचा आवाज होता. तीस वर्षं बसस्थानकावर घोषणा देणाऱ्या बाबांचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं, आणि आता ते पाटीवर लिहून बोलत. ऑपरेशनआधीचे पंधरा दिवस तिने त्यांना सतत बोलतं ठेवलं होतं. बातम्या, पाढे, शेजाऱ्यांच्या नकला, झाडून सगळं रेकॉर्ड केलं. प्रत मात्र या शहाणीने एकच ठेवली. ती शाबूत आहे ना, हे बघायला रोज सकाळी जोडायची, पहिली फाइल क्षणभर लावायची आणि कामाच्या घाईत तशीच ओढून काढायची. जपण्याच्या नादात तिनेच डिस्कची वाट लावली होती.

"निघेल ना सगळं?"

"निघतंय तोवर निघतंय."

किती उतरवून झालं ते दाखवणारी पडद्यावरची हिरवी पट्टी रडतखडत सरकत होती. बाविसाव्या टक्क्यावर ती अडली, आणि तिला धाकटा भाऊ आठवला. "बाबांचा आवाज काढून घेतलास तर उरेल काय त्यांचं?" तो हॉस्पिटलात ओरडला होता. ऑपरेशनच्या संमतीची सही तिने केली होती. तेव्हापासून तो तिच्या घरी फिरकला नव्हता. बाबांना बागेत भेटायचा, तिला टाळून. आता हेही गेलं तर त्याला काय तोंड दाखवायचं?

पट्टी हलली. तेवीस.

"हे त्या दोन डिस्कवाल्या पेटीत भरा," ती कपाटाकडे बोट दाखवत म्हणाली. "एक गेली तरी दुसरी असते ना?"

"असते. पण पेटी एकच. पडली तर दोन्ही पडतात, चोरीला गेली तर दोन्ही जातात. चुकून काही पुसलंत, तर दुसरीतूनही त्याच क्षणी पुसलं जातं. घराच्या दोन्ही किल्ल्या एकाच खिशात ठेवल्यासारखं आहे ते."

"मग करू काय?"

"साध्या, एकेक डिस्कच्या दोन डब्या घ्या. एक तुमच्याकडे ठेवा, एक दुसऱ्या घरी."

"दुसरं घर कुठून आणू?"

"कुणी सख्खं नाही जवळपास?"

ती पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली.

दुपारी पट्टी एकदाची शेवटाला पोचली; सगळं दोन नव्या डब्यांत उतरलं. खात्रीसाठी दुकानदाराने सगळ्यात शेवटची फाइल लावली. ऑपरेशनच्या सकाळी बाबांनी एकट्यानेच केलेली ती फाइल ऐकायचा तिला आजवर धीर झाला नव्हता. दुकानभर तो खणखणीत, सरकारी आवाज घुमला:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. धाकट्याची गाडी उशिराने येत आहे. ताईने फलाट सोडून जाऊ नये."

दुकानदाराला हसू फुटलं. तिला मात्र हुंदका आवरेना.

दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, तिने बेल वाजवली. दार उघडलं. तिला बघताच भावाचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा...?"

"बरे आहेत. घरी झोपलेत." तिने एक डबी पुढे केली. "यात त्यांचा आवाज आहे. तुझ्याकडे असू दे. शेवटची फाइल आधी ऐक."

त्याने डबी दोन्ही हातांत धरली.

"ताई, माझ्या हातून पडली तर?"

"माझ्याकडे दुसरी आहे."

तो दारातून बाजूला सरकला.