कच्च्या केळ्यावरची अक्षरं

माझं अक्षर चांगलं होतं आणि आवाज वाईट. धुळ्याला डी.एड. करताना माझ्या प्रत्येक पाठावर एकच शेरा पडायचा : आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. म्हणून शहाऐंशी साली सावद्याच्या शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला, तेव्हा मी बोलायचं काम फळ्यावर सोपवलं. मी पाठमोरा उभा राहून लिहायचो, मुलं उतरवून घ्यायची. सगळ्यांचं बरं चाललं होतं. सुपडाचं सोडून.

सुपडा नऊ वर्षांची. कविता एकदा ऐकली की तिला पाठ. तोंडी हिशोब सगळ्यांच्या आधी. कोणाच्या मळ्यातली केळी निसवून घड बाहेर आले, कापणी कुठे लागेल, हे तिला विचारावं. पण फळ्यावरचं अक्षर तिच्या पाटीवर उतरेपर्यंत उलटं होऊन जायचं, आणि आज वाचलेला शब्द उद्या तिला अनोळखी असायचा. ती पाटीवर हात आडवा धरून लिहायची आणि कोणी डोकावलं की थुंकी लावून पुसून टाकायची. शेजारचा नासीर डोकावल्याशिवाय राहायचा नाही.

"गुरुजी, सुपडानं मुंगळा काढला," तो म्हणायचा. वर्ग हसायचा.

पोळा झाल्यावर एक दिवस तिची आई भागाबाई मळ्यातून परस्पर शाळेत आली. ती केळी कापणीच्या टोळीत होती, लुगड्यावर चिकाचे काळे डाग.

"गुरुजी, शाळेचं नाव काढलं का हिचं पोट दुखते. दिवाळीपर्यंत पाहते. नाही तं माह्याबरोबर मळ्यात येईल. तिथं कोनी हसत तं नाही."

"ती हुशार शे," मी म्हणालो. गडबडलो की माझ्या तोंडून धुळ्याकडची अहिराणी निघायची.

"ते मले माहीत हाये," भागाबाई म्हणाली. "तिले माहीत नाही."

मी दोन रविवार जळगावच्या वाचनालयात घालवले. अशी मुलं असतात, त्यात त्यांचा दोष नसतो, अक्षर मोठं काढून बोटानं गिरवू द्यावं, एवढं कळलं. ताटलीत वाळू आणली. सुपडानं एक अक्षर गिरवलं, नासीरकडे पाहिलं आणि वाळू सपाट केली. पुस्तकात नासीर नव्हता.

शाळेशेजारी केळीचा वजनकाटा होता. घडातून निखळलेली कच्ची केळी तिथे पडून असायची. एकदा मधल्या सुट्टीत मला सुपडा तिथे बसलेली दिसली. बाभळीच्या काट्यानं ती एका हिरव्या केळ्यावर ओरखडे काढत होती, सावकाश, हात आडवा न धरता. नासीर तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होता.

"काहीच दिसत नाही," तो म्हणाला.

"आत्ता नाही दिसायचं," सुपडा म्हणाली. "थांब ना जरा."

कच्च्या केळ्यावरचा ओरखडा आधी दिसत नाही. चीक सुटतो, वाळतो आणि मग रेघ काळी पडते. तोवर हसायला काही नसतं. ही गोष्ट सावद्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होती. मला तिचा उपयोग सुचायला अख्खा भादवा गेला.

दुसऱ्या दिवशी मी वजनकाट्यावरच्या माणसाला विचारून टोपलीभर केळी वर्गात आणली. प्रत्येकाला एक केळ, एक काटा. एकच शब्द, केळ्याएवढा मोठा. लिहून झालं की वर बोट फिरवायचं, तोंडानं म्हणायचं. मग रेघा काळ्या पडेपर्यंत करायचं काय? फळ्याकडे वळावं तर सगळी माझ्याकडे बघत बसलेली. नाइलाजानं मी गोष्ट सांगायला लागलो.

"गुरुजी, मोठ्यानं," मागून आलं.

मी मोठ्यानं सांगितली. गोष्ट संपेपर्यंत शब्द उमटले. केळ वाकडं, त्यामुळे सगळ्यांचीच अक्षरं वाकडी. माझं सर्वांत वाकडं, कारण मी फळ्यासारखं झोकात लिहायला गेलो होतो.

"गुरुजींनी मुंगळा काढला," सुपडा हळूच म्हणाली. वर्ग हसला, तीही हसली. तिचं अक्षर मात्र ठळक आणि सुटं होतं, सावकाश काढलेलं.

मग ते रोजचं झालं. कालचं केळ आज वाचायचं. सुपडाला डोळ्यांनी अडलं की ती ओरखड्यावरून बोट फिरवायची आणि शब्द सापडायचा. काही दिवस सापडायचा नाही. मग मी दुसरं केळ द्यायचो.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. केळीचा चीक कपड्यावरून जन्मात जात नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापक भंगाळे सरांनी मला बोलावलं. व्हरांड्यात बायका उभ्या होत्या, हातात पोरांचे पांढरे सदरे, त्यांवर काळे ठिपके. पुढे नासीरला हाताला धरून त्याची आई ताजबी.

"सर, पोरगा शाळेत जातो की हमालीला?"

"गावात पाट्या संपल्या का, गुरुजी?" भंगाळे सरांनी मला विचारलं.

मी बोलायला गेलो. आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचला नाही. तेवढ्यात मागून भागाबाई पुढे आली. मला वाटलं, ही आता मुलीला घेऊन जाणार. तिनं पदराआडून एक पिवळं पडलेलं केळ काढलं.

"हे माह्या पोरीनं सोमवारी आनलं. म्हने, यावर तुझं नाव हाये. मले वाचता येत नाही. म्हून मी लपवून ठेवलं, रोज काढून इचारते, काय लिहिलं? रोज बोट फिरवून तेच सांगते. पन मले कसं समजावं? सर, तुम्ही पाहा बरं."

भंगाळे सरांनी चष्मा लावला. केळ उजेडाकडे धरलं.

"भागाबाई," ते म्हणाले. "असंच लिहिलं आहे."

मग ताजबीनं केळ हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"माझ्या नावाचं केळ कुठाय रे?" ती नासीरला म्हणाली. नासीर जमिनीकडे बघायला लागला.

भंगाळे सर मला एवढंच म्हणाले, "कपड्यांचं काय ते बघा."

पण भागाबाई केळ पदराआड घेऊन निघून गेली. तिनं दिलेली दिवाळीपर्यंतची मुदत संपली होती, सुट्टीभर मला धाकधूक होती. केळ एव्हाना पार काळं पडलं असणार. त्यावरचं नाव गेलं, तसं सुपडाचं शाळेत येणंही गेलं की काय?

शाळा उघडली त्या सकाळी मी लवकर जाऊन दारात उभा राहिलो. सगळी मुलं आली, पण ती नाही. हजेरी घ्यायला लागलो आणि ती दारात दिसली. फ्रॉकवर गुडघ्यांपर्यंत येणारा बापाचा सदरा, बाह्या दुमडलेल्या, छातीपासून खालपर्यंत चिकाच्या डागांनी भरलेला.

"आई म्हने, डाग पडलेलाच घाल," ती म्हणाली.

नासीर हसला. सुपडानं त्याच्याकडे पाहिलं आणि दुमडलेल्या बाहीतून बाभळीचे दोन काटे काढून त्यातला एक त्याच्यासमोर ठेवला.

"तुझ्या आईचं नाव राहिलंय ना?" ती म्हणाली. "सावकाश लिही."

मी खडू खाली ठेवला आणि गोष्ट सुरू केली, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी.