पंजाबराव पुन्हा गाडीवर

पंजाबराव अकोला आगारातले जुने एसटी ड्रायव्हर. अमरावतीचा रस्ता त्यांना तोंडपाठ होता. त्यामुळे वार्षिक तपासणीत डॉक्टर श्रावणी यांनी दंडाला पट्टा बांधून दोनदा हवा भरली आणि ‘सध्या गाडी चालवता येणार नाही’ असं सांगितलं, तेव्हा त्यांना वाटलं, मशीनच बिघडलं असेल.

मशीन ठीक होतं. रक्तदाब एकशे ऐंशीच्या घरात गेला होता.

“पण मॅडम, मले काहीच होऊन नाही राहिलं. डोकं दुखत नाही, चक्कर नाही.”

“हेच वाईट आहे, काका. हे दुखणं सांगून येत नाही. चालत्या गाडीत काही झालं तर मागे पन्नास माणसं बसलेली असतात.”

डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली, चालायला सांगितलं आणि मीठ कमी करायला बजावलं. आगाराने त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. त्यांची गाडी दुसराच कोणी घेऊन जायचा आणि ‘अमरावती कधी लागते हो?’ या प्रश्नाचं उत्तर ते दिवसभर देत बसायचे. खिडकीसमोरून गाडी निघाली की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा.

घरी माणिकबाईंनी त्याच संध्याकाळी लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली. मागोमाग पापडांचा डबाही गेला. त्यांच्या हातचं लोणचं मोर्शीपर्यंत नातेवाइकांकडे जायचं, तरीही त्यांनी ते चढवलं. पहिल्या घासाला पंजाबरावांचं तोंड वाकडं झालं.

“हे वरण हाय का पाणी?”

“मी बी तेच खाऊन राहिले. गुमान जेवा.”

महिनाभराने दोघं तपासणीला गेली. रक्तदाब जेमतेम खाली आला होता. डॉक्टरांनी विचारलं, “काल सकाळपासून काय काय खाल्लं, सगळं सांगा.”

पंजाबराव मोकळेपणानं सांगू लागले. सकाळी आगाराबाहेर आलुबोंडा अन् तळलेली मिरची, मीठ लावून. दुपारी घरचा डबा. चारला चहासंगं खारी, मग थोडा शेव-चिवडा.

“आणि हे रोज?”

“रोज. पण ते काही जेवण नाही ना मॅडम, ते तर नुसतं तोंडात टाकणं.”

बोलता बोलता त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं. माणिकबाई त्यांच्याकडे एकटक पाहत होत्या.

“मी माह्यं लोणचं माळ्यावर टाकलं, अन् तुमी बजारातलं मीठ खाऊन राहिले?”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी दारात चपला काढताना पंजाबराव एवढंच म्हणाले, “उद्यापासून चारचं बी डब्यात देजो.”

तिथून माणिकबाईंनी कंबर कसली. मीठ गेलं म्हणून चव का जावी? वांगं चुलीवर भाजून त्यात लसूण, हिरवी मिरची आणि मूठभर हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, चुरला, वरून लिंबू पिळलं. अंबाडीच्या भाजीला मुळातच आंबटपणा होता. जवसाची चटणी त्यांनी लसूण आणि आमचूर घालून बिनमिठाची केली आणि दोनदा फसल्यावर तिसऱ्यांदा ती अशी जमली की पंजाबरावांनी भाकरी मागून घेतली. चारच्या भुकेला भाजलेले फुटाणे आणि एक संत्रं. आगारात जायला पंजाबरावांनी दुचाकी सोडली, पायीच निघू लागले.

जीभ हळूहळू सरावली. दिवाळीत बाळापूरला भावाकडे जेवताना पंजाबराव थबकले. “वहिनी, भाजीत मीठ दोनदा पडलं का वं?” सगळ्यांनी चाखून पाहिलं. भाजी नेहमीसारखीच होती. माणिकबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

पुढच्या तपासणीला मात्र पंजाबरावांची छाती धडधडत होती. पहिला आकडा पाहून डॉक्टर म्हणाल्या, “घाबरलाय तुम्ही. शांत बसा, बोलू नका.” पंजाबरावांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात गाडी मूर्तिजापूरहून काढली. मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना तूर. थोड्या वेळाने पट्टा पुन्हा आवळला, सैल झाला.

“एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. घ्या स्टिअरिंग! गोळी मात्र चालूच, आणि जेवण असंच.”

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या गाडीत पुढच्या सीटवर माणिकबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. त्यांना अमरावतीत काही काम नव्हतं. पंजाबरावांनी गिअर टाकला तसा चौकशीच्या खिडकीतल्या नव्या माणसाने हात हलवला, आणि त्यांनी आगाराबाहेर पडेपर्यंत हॉर्न सोडला नाही.

अमरावतीच्या स्टँडवर ओळखीचे ड्रायव्हर धावत आले. कोणी पाठ थोपटली, कोणी गरम कचोऱ्यांचा पुडा पुढे धरला.

“तुमी खा रे,” म्हणत पंजाबरावांनी डबा उघडला. भाजलेल्या वांग्याचा वास सुटला. एकाने भाकरीचा तुकडा मोडला, दुसऱ्याने चटणीत बोट बुडवलं, आणि बघता बघता कचोऱ्यांचा पुडा बाजूला पडून डब्यावर पाच-सहा हात पडले.

“अबे, मले बी ठेवा ना काही!” पंजाबराव ओरडले, आणि माणिकबाई ऐटीत सगळ्यांना वाढू लागल्या.